पोर्कुनाचा शिकारी पोर्कुनाच्याच दगडात पुन्हा घडवा : आंदालुसियाच्या सांस्कृतिक मंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
माननीय सांस्कृतिक मंत्री,
आंदालुसिया प्रांत सरकार, सेविया, स्पेन

सादर नमस्कार.

मी महाराष्ट्रातल्या सातारा जिल्ह्यातला पाथरवट. पाटे-वरवंटे, जाती, उखळं, देवळाच्या पायऱ्या, मागणी आली तर नंदी किंवा मारुती, हे आमच्या घरातलं तीन पिढ्यांचं काम. माझी लेक नोकरीनिमित्त आपल्या हाएन शहरात असते. गेल्या हिवाळ्यात दीड महिना तिच्याकडे राहिलो. मला स्पॅनिश येत नाही, म्हणून मराठीत लिहितोय. लेक भाषांतर करून आपल्या कचेरीत पोचतं करेल. माझ्या भाषेतल्या माणसांनीही वाचावं म्हणून इथे उघड ठेवतोय.

तिनं मला हाएनच्या संग्रहालयात नेलं ते ‘आबा, तुमच्या कामाचं आहे’ एवढंच सांगून. समोर जवळच्या पोर्कुना गावी सापडलेले दगडी योद्धे होते. छातीवर गोल तबकड्यांचं चिलखत, खांद्यावरून आलेले पट्टे, घोड्यावरून उतरून भाला चालवणारा एक जण, आणि खाली पडलेल्या शत्रूच्या पाठीतून बाहेर निघालेलं पातं. लोक तिथे थांबतात, फोटो काढतात. मीही थांबलो. पण मला खिळवून ठेवलं ते दुसऱ्याच मूर्तीनं. आखूड अंगरख्यातला एक माणूस, हातात मागच्या पायांना धरून लोंबता ठेवलेला ससा, शेजारी त्याचा कुत्रा. आणखी एक शिकारी होता, तितरं घेतलेला. कुत्रा बघून मला आधी जेजुरी आठवली. आमच्या खंडोबाच्या घोड्याबरोबरही कुत्रा असतोच.

ससा दगडात करणं सोपं नाही. जिवंत जनावर उभं असतं, त्याचे पाय त्याला धरून ठेवतात. मेलेलं जनावर लोंबतं, त्याचं सगळं वजन खाली ओढलेलं असतं, आणि दगडाला लोंबायचं ठाऊक नसतं. ते दाखवायचं तर पोट कुठे सैल पडतं, पाठ कुठे लांबते, हे कारागिराच्या हातात असावं लागतं. हे काम करणाऱ्यानं मेलेला ससा खांद्याला टाकून घरी आणलेला असणार, याविषयी माझ्या मनात शंका नाही. कुत्र्याचंही तसंच. तो मालकाच्या पायाशी आहे तो इमानापोटी, पण दगडाचीही तीच मागणी आहे. सुटा काढला असता तर बारीक पाय पहिल्याच धक्क्याला गेले असते. कारागिरानं दगडाची अडचण आणि कुत्र्याचा स्वभाव एकाच जागी बसवला.

माझा हात नकळत पुढे गेला. तिथल्या बाईंनी लगेच हटकलं, आणि योग्यच केलं. अडीच हजार वर्षांच्या दगडाला माझ्या तळहाताचा घाम लागता कामा नये. पण त्या क्षणी मला माझे वडील आठवले, आणि हे पत्र तिथूनच सुरू झालं.

वडिलांचा उजवा डोळा ऐन तिशीत कपची उडून गेला. म्हातारपणी दुसराही अधू झाला. तरी गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी प्रत्येक पाटा त्यांच्यापुढे ठेवावा लागे. ते तळवा सपाट ठेवून एकदा वरून खाली फिरवत, मग बोटांच्या पेरांनी आडवे जात. ‘इथं टाकी उथळ लागलीय, मिरची निसटंल,’ म्हणत आणि नेमकं बोट ठेवत. आम्ही पाणी शिंपडून बघायचो तर तिथेच पाणी ओघळायचं. आमचं काम डोळ्यांपेक्षा हाताला जास्त कळतं. पोर्कुनाचा शिकारी हातानं वाचायचा दगड आहे आणि तो कुणालाच हातानं वाचता येत नाही, याचं मला वाईट वाटतं.

माझी मागणी एकच आहे. या शिकाऱ्याची, त्याच्या सशाची आणि कुत्र्याची प्रतिकृती पोर्कुनाच्या परिसरातल्या दगडात, पोर्कुनाच्या पाथरवटांकडून हातानं घडवून घ्या, आणि जिथे मूळ मूर्ती सापडली त्या सेरिय्यो ब्लांकोच्या टेकडीवर ती उभी करा. कुणीही यावं आणि दोन्ही हातांनी तिला चाचपून बघावं.

माझ्या वाचकांसाठी थोडं सांगतो, आपल्याला हे ठाऊकच आहे. सेरिय्यो ब्लांको म्हणजे पांढरी टेकडी. हाएनपासून पश्चिमेला चाळीसएक किलोमीटरवर पोर्कुना गाव, गावाबाहेर ही टेकडी, भोवती नजर जाईल तिथवर ऑलिव्हची झाडं. १९७५ साली इथले तुकडे उजेडात आले. त्या वेळचे हाएन संग्रहालयाचे संचालक हुआन गोन्सालेस नावारेते यांनी ते वाचवले आणि पुढची काही वर्षं तिथे उत्खनन केलं. हजाराहून जास्त तुकडे निघाले. जोडून जोडून चाळीसच्या आसपास मूर्ती आकाराला आल्या. योद्धे, ग्रिफिन नावाच्या पंखवाल्या श्वापदाशी झुंजणारा माणूस, एकमेकांना भिडलेले दोन मल्ल, बैल, आणि आमचे हे शिकारी. काळ इसवी सनापूर्वीचं पाचवं शतक. रोमन लोक तिकडे जायच्या कितीतरी आधीचा. घडवणारे आयबेरियन, म्हणजे त्या मुलखातले रोमनांपूर्वीचे लोक. याच गावाला पुढे ओबुल्को म्हणत. सीझर रोमहून सत्तावीस दिवसांत तिथे पोचला, अशी नोंद स्ट्रॅबो या जुन्या ग्रीक लेखकानं केली आहे.

या मूर्ती काळानं झिजून पडलेल्या नाहीत. त्या फोडल्या गेल्या. बहुतेकांची डोकी, हात उडवलेले आहेत, चेहऱ्यांवर घाव आहेत. घणाचा घाव आणि पडून झालेली मोड यांतला फरक मला सांगावा लागत नाही. पडलेला दगड त्याच्या दुबळ्या जागी तुटतो, फोडलेला दगड माणसाला हवा तिथे तुटतो. फोडणारे कोण यावर अभ्यासकांचे वाद आहेत. शत्रू असतील, त्याच गावातलं दुसरं घराणं असेल. पण त्यापुढचं मला जास्त भिडलं. फुटलेले तुकडे कुणीतरी गोळा केले, त्याहून जुन्या थडग्यांच्या शेजारी चर खणला, त्यात ते ठेवले आणि वर दगडी फरशा टाकून झाकले. आमच्याकडे भंगलेली मूर्ती नदीत सोडतात, तसंच काहीसं. मूर्ती उघड्यावर फार दिवस राहिल्या नाहीत, म्हणून तर पट्ट्यांच्या कडा आणि कापडाच्या चुण्या आज इतक्या ताज्या दिसतात. ज्यांनी पुरल्या त्यांच्यामुळे त्या आपल्यापर्यंत आल्या.

म्हणून माझं एक आग्रहाचं सांगणं आहे. प्रतिकृती करताना गेलेले अवयव नव्यानं बसवू नका. जे कुणी पाहिलेलंच नाही ते आपण बनवायचं नाही. आहे तेवढंच घडवा, आणि तुटलेली कडासुद्धा जशीच्या तशी घडवा. बोट सशाच्या पाठीवरून, अंगरख्याच्या काठावरून जात जात अचानक खडबडीत मोडीवर अडखळलं पाहिजे. ते अडखळणं फलकावर लिहून समजत नाही.

दगडाबद्दल बोलायचा मला अधिकार आहे असं मी मानतो. आमच्याकडचा काळा फत्तर म्हणजे थिजलेला लाव्हा. टाकीला आठ दिवसांत चार वेळा भट्टी दाखवावी लागते. तिकडचा दगड पांढरट, मऊ, वाळू आणि चुना मिळून झालेला. असा दगड खाणीतून ओला निघतो तेव्हा लाकडासारखा कापता येतो आणि वारा लागत गेला की कडक होतो. म्हणजे कारागिराला काम उरकायची घाई असते. सशाच्या अंगावरचं बारीक काम दगड कडक व्हायच्या आत झालेलं असणार. साच्यात रेझिन, म्हणजे प्लॅस्टिकसारखा रस, ओतून काढलेल्या नकलेत यातलं काही उतरत नाही. रेझिन हाताला गार लागत नाही, त्याला दगडाचा वास नाही, पाणी टाकलं तर ते पीत नाही. यंत्रानं मापं घ्या, जरूर घ्या, त्यात कसूर नको. शेवटचा हात मात्र माणसाचा असू द्या.

आणि माणसं आहेत. पोर्कुना हे दगडाचंच गाव आहे. लेकीनं मला तिथलं ‘कासा दे ला पिएद्रा’, म्हणजे दगडाचं घर, दाखवलं. आन्तोनियो आगिलेरा रुएदा नावाच्या खाणकामगारानं ते १९३१ साली बांधायला घेतलं आणि जवळजवळ तीस वर्षं त्यावर खपला. भिंती दगडाच्या, छत दगडाचं, आतलं सामानसुद्धा दगडाचं. मी त्या घरात शिरलो आणि बराच वेळ बाहेर आलोच नाही. लेक म्हणाली, ‘आबा, चला ना.’ मी भिंतीवरचे टाकीचे माग बघत होतो. अडीच हजार वर्षांपूर्वी त्या भागात सशाची पाठ घडवणारा माणूस आणि हा माणूस, दोघांमध्ये अनोळखी काहीच नव्हतं. ज्या गावानं असा माणूस दिला त्या गावातल्या आजच्या हातांना आपला शिकारी पुन्हा घडवायचं काम मिळालं पाहिजे. काम मिळालं की हात टिकतात. आमच्याकडे मिक्सर आला तेव्हा काय झालं ते मी बघितलंय. पाटे बंद झाले, आणि पाट्यांबरोबर टाकी धरणारी पोरंही गेली.

दिसायला अडचण असलेल्यांसाठी मी हे मागतोय, असं कुणी म्हणेल. हो, त्यांच्यासाठी तर मागतोच. आपल्याच देशात माद्रिदला ‘ओन्से’ या अंध व्यक्तींच्या मोठ्या संस्थेचं संग्रहालय १९९२ पासून चालू आहे, तिथे प्रसिद्ध वास्तूंच्या प्रतिकृती हातानं बघता येतात. वाट आपल्याच माणसांनी आधी घालून दिलेली आहे. पण त्या टेकडीवर शाळेची पोरं येतील, ऑलिव्ह झोडपून परतणारा शेतकरी येईल, त्यांचेही हात या दगडावर फिरावेत.

शेतकऱ्याचं नाव घेतलं ते कारणानं. संग्रहालयात एक वयस्कर गृहस्थ नातवाला घेऊन आले होते. योद्ध्यांपुढे पोरगा थांबला, पण आजोबा शिकाऱ्यांपुढे थांबले. हातवारे करून त्यांनी त्याला काहीतरी समजावलं, लेकीनं मला सांगितलं ते असं, की तितर पकडायला पिंजऱ्यातला नर तितर घेऊन जातात, तो ओरडतो आणि रानातला नर भांडायला येतो. ही पद्धत त्या मुलखात अजून चालते. सशामागे शिकारी कुत्रे सोडणंही अजून चालतं. आमच्याकडचे फासेपारधीही पूर्वी पाळलेल्या तितराच्या आवाजावर रानातलं तितर फाशात घेत. शिकार योग्य की अयोग्य, हा वाद या पत्रात नको. अभ्यासक सांगतात की पोर्कुनाचे शिकारी सरदार घराण्यातले असावेत, शिकार हा त्यांचा मानाचा भाग होता. असेल. तरी आजोबांना त्यांत ओळखीचं दिसलं, आणि नातवाला ते समजावताना त्यांचे हात थांबत नव्हते.

हाएनलाच उएल्मा गावाजवळच्या एल पाहारिय्यो इथे सापडलेला दगडी वीरही बघितला. लांडग्याला सामोरा गेलेला, एका हाताला झग्याचा पदर गुंडाळलेला, दुसरा हात तलवारीच्या मुठीकडे. आमच्या वीरगळांवर वाघाशी, रानडुकराशी भिडलेले वीर असतात, त्यांचा हा लांबचा भाऊबंद शोभेल. आमचे वीरगळ मात्र देवळाबाहेर उन्हापावसात झिजतायत, कुठे त्यांवर कपडे धुतात, कुठे शेंदराचे थर चढलेत. त्याबद्दल मी आमच्या सरकारलाही लिहिणार आहे, ते पत्र वेगळं. आपण तुकडा न् तुकडा सांभाळलात. हाएनला जुन्या तुरुंगाच्या जागी आयबेरियन संस्कृतीसाठी वेगळं संग्रहालय उभं केलंत, २०१७ साली त्याचं उद्घाटन झालं. एवढं केलेल्या सरकारकडेच आणखी एक गोष्ट मागावीशी वाटते.

मूळ मूर्ती गावाला परत द्या असं मी म्हणत नाही. एल्चे गावचे लोक आपली ‘दामा’, म्हणजे आयबेरियन बाईची दगडी मूर्ती, माद्रिदहून परत मागतात, त्यांचं दुःख मला समजतं. १८९७ साली ती सापडली आणि बघता बघता पॅरिसला गेली, १९४१ मध्ये देशात परतली ती राजधानीत. पण पोर्कुनाच्या मूर्ती एकत्र आहेत, त्या तशाच एकत्र राहाव्यात. शिकाऱ्यांना योद्ध्यांपासून तोडू नका. टेकडीवर जाईल ती फक्त नक्कल, पण अशी नक्कल की ती घडवणाऱ्याला मूळ कारागिराच्या प्रत्येक अडचणीतून जावं लागेल.

खर्चाचं सांगतो. एक मूर्ती, दोन कारागीर, एक शिकाऊ मुलगा, खाणीतून नीट निवडलेला एक ठोकळा ज्यात भेग नाही, आणि आठ-दहा महिने. दगड निवडताना हातोड्यानं हलकेच वाजवून बघावा. चांगला दगड घंटेसारखा वाजतो, आत चीर असेल तर फुटक्या मडक्यासारखा. कामाच्या जागेवर सावली हवी. धूळ नाकात जाऊ नये म्हणून पाण्याची सोय हवी, आमच्या धंद्यातल्या कितीतरी माणसांची फुप्फुसं त्या धुळीनं खाल्ली. काम चालू असताना लोकांना बघू द्यावं. टाकीचा आवाज गावात गेला की माणसं आपोआप येतात.

पुढच्या दिवाळीनंतर मी पुन्हा हाएनला येणार आहे. आपण होकार दिलात तर मजुरी न घेता जमेल तितके दिवस पोर्कुनाच्या कारागिरांच्या हाताखाली बसायला मी तयार आहे. माझ्या टाक्या बरोबर आणीन. मऊ दगडाला त्या जड पडतील, तेव्हा चपट्या धारेच्या नव्या करून घ्याव्या लागतील, एवढी सवड मला आधी कळवावी.

आपला नम्र,
एक पाथरवट
जिल्हा सातारा, महाराष्ट्र