बंबाची तपासणी रोज, माणसाची कधी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अग्निशमन दलात पाळी बदलताना पंप, होज, शिडी, श्वसनयंत्र सगळे तपासून घेतात. भरतीच्या वेळी जवानाची उंची, छाती, नजर मोजतात. पण पुढे वर्षानुवर्षे तो जे पाहतो, त्याने त्याच्या मनाचे काय होते, हे बहुतेक ठिकाणी कोणीच विचारत नाही. माझे पती फायरमन आहेत, म्हणून हे पत्र.

वर्दी काही फक्त आगीची नसते. चेपलेल्या गाडीतून माणूस कापून काढायचा, पडलेल्या इमारतीखाली हाका मारत राहायचे, पाण्यातून मृतदेह वर आणायचा. आणि बाहेर काढलेले मूल वाचले का, हे कळायच्या आत पुढच्या वर्दीवर निघायचे. ‘त्यांना सवय असते,’ असे लोक म्हणतात. घरात मी पाहते ते वेगळेच आहे. एका मोठ्या आगीनंतर काही करपल्याचा वास आला तरी ह्यांना घाम फुटायचा. मुलगी खेळताना कपाटात लपली, तर तिच्यावर इतके ओरडले की ती थरथर कापू लागली. आगीत घाबरलेली मुले पलंगाखाली, कपाटात जाऊन लपतात आणि शोधणाऱ्याला ती तिथेच सापडतात, हे त्यांनी मला कितीतरी दिवसांनी सांगितले.

नको ती दृश्ये पुन्हा डोळ्यांपुढे येणे, आठवण करून देणारे सगळे टाळणे, मन बधिर होणे, झोप उडणे, सतत दचकणे ही लक्षणे महिन्यापेक्षा जास्त टिकली आणि रोजच्या जगण्याच्या आड येऊ लागली, तर डॉक्टर त्याला ‘पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर’ म्हणतात. अमेरिकन मानसोपचार संघटनेने १९८० मध्ये हा आजार आपल्या वर्गीकरणात घेतला. २०१३ च्या निकषांत तर मानवी अवशेष गोळा करणाऱ्या बचाव कर्मचाऱ्यांचे उदाहरणच दिले आहे. त्यावर उपचारही आहेत. आघातावर केंद्रित सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला मदत करणारी, बोलण्यातून होणारी उपचारपद्धती) आणि ईएमडीआर (ती आठवण मनात आणून डोळ्यांची ठरावीक हालचाल करायला लावणारी उपचारपद्धती) यांनी अनेकांना गुण येतो.

मग जवान डॉक्टरकडे का जात नाहीत? बोललो तर बंबावरून उतरवतील, टेबलावर बसवतील, बढती अडकेल. शिवाय ‘हा कच्चा निघाला’ हे सहकाऱ्यांकडून ऐकून घेणे त्यांना आगीपेक्षा जड जाते. त्यापेक्षा कित्येक जण दारू जवळ करतात.

म्हणून मनाची तपासणी ठरावीक काळाने सर्वांचीच व्हावी, अगदी अधिकाऱ्यांचीही, म्हणजे कोणावर बोट दाखवले जाणार नाही. अहवाल सेवापुस्तकात जाऊ नये. उपचारांची रजा ही कामावर जखमी झाल्याची रजा धरावी आणि बरे झाल्यावर जवानाला पुन्हा त्याच्या जागी घ्यावे. प्रत्येक केंद्रावर एक-दोन जुन्या जवानांना ऐकून घेण्याचे प्रशिक्षण द्यावे. ज्याने स्वतः होज धरला आहे, त्याच्यापाशी माणूस लवकर मोकळा होतो. मात्र दुर्घटनेनंतर सगळ्यांना एका खोलीत बसवून पाहिलेले सांगायला लावू नये. अशी सत्रे देऊ नयेत, असे ब्रिटनमध्ये उपचारांविषयी सूचना देणाऱ्या ‘नाइस’ संस्थेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट सांगतात. त्या वेळी जवानाला विश्रांती, झोप आणि घरी जायची मुभा द्यावी, आणि पुढचे काही आठवडे त्याच्यावर लक्ष ठेवावे.

निवृत्त जवानांनाही ही सोय खुली असावी. पाळी आणि सोबती सुटल्यावरच काहींना हा त्रास पहिल्यांदा जाणवू लागतो.

आपली,
एका अग्निशमन जवानाची पत्नी