अडेलतट्टू भाषाच बरी

मा. संपादक,
स. न.

कालच्या पुरवणीतला ‘सोप्या’ प्रोग्रॅमिंग भाषांवरचा लेख वाचला. रस्ट म्हणे अडेलतट्टू, कारण स्ट्रिंगमधले (म्हणजे साठवलेल्या मजकुरातले) पाचवे अक्षर मागितले तर सरळ देत नाही. पायथॉन मात्र गुणी बाळ, मागाल ते हातात. लेखकमहाशयांचे आडनाव बहुधा सुटसुटीत असावे.

आमचे आडनाव कऱ्हाडकर. वाचणाऱ्याला अक्षरे दिसतात पाच. पायथॉन आठ मोजते, कारण जोडाक्षरातले ऱ आणि ह तर सुटे धरतेच, शिवाय काना आणि हलन्तही (पाय मोडल्याची खूण) तिच्या लेखी स्वतंत्र. गो भाषेला लांबी विचारा, ती बाइट (संगणकातल्या साठवणीचे माप; इथे या आठांपैकी प्रत्येकाला तीन) मोजून 24 सांगते. एका कार्यालयाच्या ऑनलाइन अर्जात आडनावाला 20 ची मर्यादा होती. 20 काय, हे लिहिण्याची गरज कुणाला वाटली नाही. मुलीच्या दाखल्यावर ‘कऱ्हाड’ आणि पुढे काळ्या चौकटीत प्रश्नचिन्ह छापून आले. विसावा बाइट नेमका ‘क’च्या पोटात पडला होता! खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, ‘‘मराठीत टाइप केलंत ना, मग असंच होणार,’’ आणि आम्हालाच प्रतिज्ञापत्र करून आणायला लावले.

रस्टमध्ये अशी अक्षराच्या मधोमध कात्री लावली की प्रोग्रॅम तिथेच थांबतो. थांबावाच. चुकीचा दाखला देण्यापेक्षा न देणारे यंत्र परवडले. अर्थात जोडाक्षर तुटले तर रस्टलाही कळत नाही. स्विफ्ट ही आणखी एक भाषा डोळ्यांना दिसते तसे मोजू पाहते, पण त्यासाठी स्ट्रिंग सुरुवातीपासून चालत जावी लागते, म्हणजे वेळ जातो. शिवाय ती ज्या युनिकोडच्या (जगातल्या लिप्या संगणकात साठवण्याच्या प्रमाण पद्धतीच्या) नियमांवर चालते, त्यांत देवनागरी जोडाक्षर न तोडण्याचा नियम यायला 2023 साल उजाडले. लेखात यातले अवाक्षर नाही. लेखकांनी उदाहरण घेतले तेही ‘हॅलो’चे, इंग्रजीतून.

जाता जाता आणखी एक. पायथॉनला कोडच्या ओळींचे गट पाडायला महिरपी कंस लागत नाहीत याचे लेखात फार कौतुक आहे. ओळीआधीची मोकळी जागाच तिथे कंसाचे काम करते, आणि तुमच्या डीटीपी विभागाने नेमकी तीच काढून सगळा कोड डावीकडे एका रेषेत लावला. अवतरणचिन्हेही वाकडी केली. शिकवणीतल्या पोरांनी तो आज सकाळी जसाच्या तसा टाइप केला आणि ‘‘सर, पेपरातलं चालत नाही’’ म्हणून माझ्याच नावाने शंख केला. वाकडी अवतरणचिन्हे कंसवाल्या भाषेलाही चालली नसती, पण मोकळी जागा गेल्याने निदान तिचे काही बिघडले नसते.

दुरुस्ती छापणार असाल तर कोडचे चित्रच छापा, ही विनंती.

आपला,
कऱ्हाडकर (पूर्ण), सातारा