घरपट्टीच्या वाढीला कायद्यात मर्यादा घाला : नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र

मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

सप्रेम नमस्कार.

मालक स्वतः राहत असेल त्या घराचे वार्षिक भाडेमूल्य (घर भाड्याने दिले तर वर्षाला मिळू शकेल असे धरलेले भाडे) 40 टक्क्यांनी कमी धरून मिळकतकर लावायचा, ही सवलत पुण्यात 1970 पासून होती. लेखापरीक्षणात आक्षेप निघाला आणि 2019 मध्ये राज्य शासनाने ती बंद करायला लावली. मागच्या फरकाच्या मागण्याही निघाल्या. शहरभर ओरड झाली, तेव्हा 2023 मध्ये मंत्रिमंडळाने तीच सवलत परत दिली.

त्यातला हिशेब आपण एकदा स्वतः मांडून बघावा, ही विनंती. समजा एका फ्लॅटचे वार्षिक भाडेमूल्य एक लाख रुपये आहे. सवलत असताना कर 60 हजारांवर बसायचा, सवलत गेली की पूर्ण लाखावर. म्हणजे काढली 40 टक्क्यांची सवलत, पण करपात्र रक्कम वाढली जवळपास 67 टक्क्यांनी. भिंत तीच, गळकी गच्ची तीच, नळाला पाणीही तेवढेच. फक्त मंत्रालयातून एक आदेश निघाला.

पुणे-पिंपरीच्या कंपन्यांतून निवृत्त झालेल्या कितीतरी जणांना ईपीएस-95 ची, म्हणजे भविष्य निर्वाह निधीच्या 1995 च्या योजनेची पेन्शन मिळते. तिला महागाई भत्ता नाही, आणि 2014 पासून किमान रक्कम आहे महिना 1,000 रुपये. घराचा भाव वाढला म्हणून यांच्या हातात काय पडते? घर विकले तरच पैसा, आणि विकून जायचे कुठे? राहत्या घराची किंमत हे उत्पन्न नव्हे. कर मात्र दरवर्षी रोख भरावा लागतो, आणि थकला तर महिना दोन टक्के शास्ती, म्हणजे दंड, लागतो. वर्षाला 24 टक्के! एवढ्या व्याजाने कुठलीही बँक गृहकर्ज देत नाही.

महापालिकांची अडचण मला दिसत नाही असे नाही. जकात गेली, तिच्या जागी आलेला एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेला, जीएसटी आल्यापासून नुकसानभरपाईसाठी राज्याच्या तोंडाकडे बघावे लागते. हक्काचे मोठे उत्पन्न म्हणजे घरपट्टीच. त्यात पंधराव्या वित्त आयोगाने अनुदानासाठी अट घातली, की राज्याने मालमत्ता कराचे किमान दर अधिसूचित करावेत आणि वसुली राज्याच्या उत्पन्नवाढीच्या वेगाने वाढवावी. किमान दर बांधायला दिल्लीने लावले. एका वर्षात एका कुटुंबाकडून जास्तीत जास्त किती वाढवायचे, हे कोण बांधून देणार? ते काम राज्याचे आहे, आणि आपल्या खात्याचे आहे.

अशी मर्यादा आपल्याला नवीन नाही. मुंबईत 2010 मध्ये भाडेमूल्याऐवजी भांडवली मूल्यावर, म्हणजे घराच्या किमतीवर कर आला, तेव्हा निवासी कर आधीच्या दुपटीपलीकडे जाऊ नये आणि पुढच्या फेरआढाव्यात वाढ 40 टक्क्यांच्या वर नको, असे बंधन कायद्यातच घातले गेले. माझ्या मते 40 टक्के एकदम हेही फार झाले, पण बंधन आहे ही गोष्ट मोठी. मग इतर शहरांतल्या रहिवाशांना तेच संरक्षण का नको?

मर्यादेचे तोटेही आहेत. कॅलिफोर्नियात 1978 च्या मतदानाने करासाठीचे मूल्यांकन वर्षाला दोन टक्क्यांपेक्षा जास्त वाढू नये असे ठरले. नवे मूल्यांकन मालकी बदलल्यावर किंवा नवे बांधकाम झाल्यावरच. परिणाम असा, की शेजारीशेजारी सारखीच घरे, पण जुना मालक थोडा कर भरतो आणि नवा कितीतरी पट. व्यापारी मालमत्तांनाही तोच फायदा मिळाला. पुण्यातही जुन्या आणि नव्या इमारतींच्या करात मोठी तफावत आहेच, ती आणखी वाढू देऊ नये. म्हणून माझी मागणी सरसकट नाही. कुटुंब स्वतः राहते त्या एकाच घराला संरक्षण द्या. गुंतवणूक म्हणून कुलूप लावून ठेवलेल्या फ्लॅटला नको, दुकानाला नको, ऑफिसला तर मुळीच नको.

त्या एका घराचा कर महागाईच्या दरापेक्षा जास्त वाढू नये आणि महागाई कितीही असो, वर्षाला पाच टक्क्यांच्या वर जाऊ नये. कार्यालयाच्या चुकीने कमी आकारणी झाली असेल तर मागची वसुली नागरिकाच्या माथी मारू नये. ज्येष्ठांना वाढीव भाग पुढे ढकलता यावा आणि तो घर विकताना किंवा वारसांच्या नावावर होताना साध्या व्याजाने वसूल व्हावा. असे पुढे ढकलण्यात महापालिकेचा रुपयाही बुडत नाही.

आज काय होते? निवडणूक जवळ आली की स्थगिती, माफी, अभय योजना. शास्तीत मोठी सूट मिळते ती थकबाकीदाराला. मुदतीत रांगेत उभे राहून भरणारा तसाच राहतो. पुण्यात सवलत परत मिळाली तीही महापालिकेचा पीटी-3 नावाचा सवलतीचा अर्ज भरून, सोसायटीचे पत्र, मतदार ओळखपत्र, गॅसचे कार्ड असे पुरावे जोडून आपण आपल्याच घरात राहतो हे सिद्ध केल्यावर. चालत आलेला हक्क मागून घ्यावा लागला, याचा मला मनापासून राग आहे. शिवाय मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि दीर्घकाळ प्रशासकाचा कारभार चालला. त्या काळात करवाढीविरुद्ध सभागृहात बोलायलाही कोणी नव्हते.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात आणि नगरपरिषदांच्या 1965 च्या अधिनियमात ही मर्यादा घालणारे विधेयक येत्या अधिवेशनात मांडावे. मसुदा आधी मराठीत प्रसिद्ध करावा आणि हरकती-सूचनांसाठी किमान 60 दिवस द्यावेत. आमच्या सोसायटीच्या सूचना आम्ही पहिल्याच आठवड्यात पाठवू.

आपला,
पुण्यातील एक मिळकतकरदाता