एमएस्सीच्या पोरांच्या हातात हायड्राझिन कशाला?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

केमिस्ट्रीच्या एमएस्सी प्रोजेक्टला हल्ली ग्राफीन (कार्बनच्या अणूंचा फक्त एका अणूइतका जाड पदर) हा विषय हमखास असतो, म्हणून हे पत्र लिहितोय. ग्रॅफाइटपासून ग्राफीन ऑक्साइड बनवायचं, मग त्यातला ऑक्सिजन काढायचा, म्हणजे रिडक्शन करायचं, की तपकिरी द्रावण काळं पडतं आणि आधी वीज जवळपास न वाहणारा पदार्थ चांगली वीज वाहायला लागतो. इथपर्यंत ठीक आहे. पण हे करायला पोरं डोळे झाकून हायड्राझिन हायड्रेट हे ऑक्सिजन काढून घेणारं रसायन घेतात, का तर 2007 सालच्या रुऑफ या शास्त्रज्ञांच्या ग्रुपच्या गाजलेल्या पेपरात तेच आहे आणि सिनियरनेही तेच केलं होतं.

अहो, हायड्राझिन कातडीतून अंगात जातं, लिव्हरला आणि मज्जासंस्थेला इजा करतं, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं त्याला 'बहुधा कॅन्सरकारक' गटात टाकलंय. आणि आपल्याकडे कितीतरी लॅबमध्ये फ्यूम हूडचा, म्हणजे विषारी वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटाचा, पंखा बंद अन् आत जुन्या बाटल्या रचलेल्या, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

स्पेनमधल्या ओव्हिएदोच्या शास्त्रज्ञांनी 2010 मध्येच दाखवलं की व्हिटॅमिन सी, म्हणजे अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड, हेच काम जवळपास हायड्राझिनइतकंच करतं. पाण्यात, 95 अंशाला, बस. थोडा अमोनिया घालून पीएच 9-10 ठेवला की ग्राफीनच्या पदरांचे गोळे होऊन तळाशी बसत नाहीत. शिवाय हायड्राझिनचा नायट्रोजन पदरांना चिकटून राहतो तसलं काही इथे होत नाही कारण व्हिटॅमिन सी मध्ये नायट्रोजनच नाही. फक्त लॅबची शुद्ध पावडर घ्या, मेडिकलमधल्या गोळ्या नकोत, त्यात साखर आणि रंग असतात.

सोडियम बोरोहायड्राइड पण चालतं, पण ते पाण्यात हळूहळू फुकट जातं आणि ग्राफीन ऑक्साइडमधले इपॉक्साइड गट (ऑक्सिजन कार्बनला जोडलेला असतो त्यातला एक प्रकार) नीट काढत नाही. ग्राफीनच्या पातळ फिल्मला खूप जास्त कंडक्टिव्हिटी (वीज वाहण्याची क्षमता) हवी असेल तर हायड्रायोडिक अ‍ॅसिड सरस आहे हे मान्य, पण ते जहाल आहे, ते अनुभवी लोकांनी नीट सोय असलेल्या लॅबमध्येच वापरावं, चार महिन्यांच्या प्रोजेक्टला त्याची गरज नाही.

माझी गाइड मंडळींना आणि विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांना कळकळीची विनंती आहे, प्रोजेक्ट मंजूर करतानाच हायड्राझिनला नाही म्हणा आणि कोणाला खरंच लागणार असेल तर त्याच्याकडून कारण लिहून घ्या. तसंच ग्रॅफाइटपासून ग्राफीन ऑक्साइड बनवायच्या हमर्सच्या पद्धतीतलं सोडियम नायट्रेट काढून फॉस्फोरिक अ‍ॅसिड घालायची टूर या शास्त्रज्ञांची 2010 ची पद्धत वापरा, त्यात नायट्रोजन डायऑक्साइडचा विषारी धूर निघत नाही.

आपला,
केमिस्ट्रीचा एक शिक्षक