अ‍ॅनिमेशनसाठी क्रॅक कशाला शोधायचा?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अ‍ॅनिमेशन शिकायचंय म्हटलं की पहिला सल्ला मिळतो तो म्हणजे अमुक महागडं सॉफ्टवेअर क्रॅक करून, म्हणजे कुलूप तोडलेली चोरीची प्रत, टाकून घे, आणि कमाल म्हणजे हे सांगणारे बऱ्याचदा शिकवणारेच असतात. क्रॅकबरोबर व्हायरस येतो ते वेगळंच, पण रीतसर वर्गणी भरणाऱ्यांचीही गोची होते, वर्गणी थांबली की सॉफ्टवेअर बंद आणि स्वतःच्याच जुन्या फायली नुसत्या बघत बसायच्या. तरी फुकटातलं ते कच्चंच असणार ही समजूत काही जात नाही.

फुकट मिळणाऱ्या ब्लेंडर या थ्रीडी अ‍ॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरचंच घ्या. ते बनवणारी कंपनी २००२ मध्ये बुडाली, तेव्हा मूळ कर्ता टॉन रोझेंडालने लोकांकडून १ लाख युरो गोळा करून सोर्स कोड, म्हणजे सॉफ्टवेअर ज्यातून बनतं तो मूळ प्रोग्रॅम, सगळ्यांसाठी सोडवून घेतला, तेही ७ आठवड्यांत! आणि २०२५ मध्ये सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेशनपटाचं ऑस्कर घेऊन गेलेला 'फ्लो' त्याच ब्लेंडरमध्ये बनलाय. आता याला कच्चं म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

पण म्हणून ज्याला त्याला ब्लेंडरच सुचवायचं हेही मला पटत नाही. हाताने एकेक चित्र काढून हलवायचंय तर पेन्सिल२डी घ्या, छोटंसं आहे, ऑनियन स्किन चालू केलं की मागचं चित्र फिकट दिसतं त्यावरून पुढचं काढायचं. रंगकामाची हौस असेल तर क्रिटा, व्हेक्टर आकृत्या (कितीही मोठ्या केल्या तरी न फाटणाऱ्या) असतील तर सिनफिग. ओपनटून्झ म्हणजे तर जपानचा प्रसिद्ध अ‍ॅनिमेशन स्टुडिओ घिबली वापरायचा त्या टून्झ सॉफ्टवेअरचंच २०१६ मध्ये मोकळं केलेलं रूप, पण शिकायला जरा किचकट आहे हे आधीच सांगतो.

नोकरीच्या जाहिरातीत माया नाहीतर हार्मनी ही विकतची सॉफ्टवेअरंच मागतात, हा मुद्दा मान्य आहे. पण टायमिंगची जाण काय त्या सॉफ्टवेअरबरोबर मिळते का? टप्पा खाणारा चेंडू करून बघा. वर, जमिनीवर, पुन्हा वर असे तीन कीफ्रेम, म्हणजे कुठल्या क्षणी चेंडू कुठे हवा ते, दिले की मधल्या फ्रेम (एकेक चित्र) ब्लेंडर स्वतः भरतं, पण चेंडू जमिनीजवळ आला की हळू होतो, गादीवर अलगद उतरल्यासारखा. मग ग्राफ एडिटरमध्ये, म्हणजे हालचाल रेषेच्या आलेखात दिसते तिथे, जाऊन तो जमिनीवरचा कीफ्रेम निवडायचा, व्ही दाबून हँडल (रेषेला वळण देणारी दांडी) 'व्हेक्टर' प्रकारचं करायचं, गोल वळण जाऊन तिथे टोक येतं आणि चेंडू खरोखर आपटतो. हे का झालं ते ज्याला कळलं तो उद्या मायाच्या ग्राफ एडिटरमध्येही अडणार नाही, बटणं काय, आठवड्याभरात सापडतात.

तेव्हा शिकवणाऱ्यांनी निदान पहिले काही महिने तरी मुलांना या फुकटातल्यांपैकीच एखादं द्यावं, म्हणजे घरच्या कॉम्प्युटरवरही तेच टाकता येईल आणि सराव चालू राहील. आणि रेंडर, म्हणजे केलेल्या कामातून शेवटची चित्रं काढून घेणं, कसं करायचं तेही पहिल्यापासून सांगा. सेकंदाला २४ म्हणजे एका मिनिटाच्या १४४० फ्रेम, प्रत्येकीला २ मिनिटं लागली तरी सलग ४८ तास, त्यामुळे थेट व्हिडिओ न काढता पीएनजी फ्रेम (प्रत्येक फ्रेमची वेगळी चित्रफाइल) काढाव्यात, मध्येच लाईट गेली तर राहिलेल्या फ्रेमपासून पुढे चालू करता येतं.

आपला,
एक वाचक