राजकोटच्या खडपावरच्या काकींना

काकी, सादर नमस्कार.

मालवणात राजकोट किल्ल्याजवळच्या खडपावर, म्हणजे खडकाळ किनाऱ्यावर, अमावास्येच्या सकाळी तुम्ही कालवं फोडत होतात आणि मी डबकी धुंडाळत होते. ओहोटीचे दोन-तीन तास, तेवढीच तुमची कमाईची वेळ. तरी कोयती खाली ठेवून "काय शोधतंस गो?" विचारलंत. समुद्री गोगलगायीचा फोटो दाखवला, तर सरळ एका कपारीकडे नेलंत आणि एक दगड अलगद उचललात.

होती की खाली! नखाएवढी, पांढरीशुभ्र, कडेला जांभळी रेघ. शंख नाहीच, तो अंड्यातून निघताना असतो, पुढे या गोगलगायी तो टाकून देतात. पाण्याबाहेर येताच अंग आक्रसून नुसता जेलीचा ठिपका झाली. शेजारी अंड्यांची पिवळसर फीत, गोल गुंडाळून चिकटवलेली.

मी पाहत होते तोवर तुम्ही एका हातानं दगड धरून दुसऱ्या हाताच्या ओंजळीनं त्यावर पाणी घालत राहिलात. पाणी पडलं की ती डोक्यावरची दोन इवली शिंगं बाहेर काढायची. मग बोटांनी चाचपून, कुणी चिरडत नाही ना बघून, दगड होता तसाच बसवलात. "घरां आसत तेंची," एवढंच म्हणालात.

काकी, मला आजही ती ओंजळ आठवली की भरून येतं.

याआधी पैसे भरून एका किनारा-सहलीला गेले होते. तिथल्या जाणकारांनी अशीच एक गोगलगाय चिमटीत उचलून कोरड्या ताटलीत ठेवली, सगळ्यांचे फोटो होईपर्यंत. उलथलेले दगड तसेच उन्हात. दगडाखालचा स्पंज वाळून मेला की त्याच्यावरच जगणाऱ्या या जिवांनी खायचं काय? मी बोलले, तर "अजून पुष्कळ आहेत" असं उत्तर मिळालं. माहिती त्यांच्याकडे भरपूर होती, जातींची लॅटिन नावं तोंडपाठ. माया मात्र तुमच्याकडे दिसली. समुद्रावर ज्यांचं पोट आहे अशी माणसं किती जपून वागतात, हे आपण शहरातले लोक बघतच नाही.

माझ्यापायी त्या दिवशी तुमची कालवं नक्की कमी भरली असणार. त्याचा चकार शब्द काढला नाहीत. पैसे देऊ केले तर रागावलात.

मालवणातलं कुणी हे वाचत असेल, तर राजकोटला कालवं काढणाऱ्या काकींना वाचून दाखवा. फोटो छापून ठेवलेत, ते द्यायला मी येणार आहे.

तुमची,
खडपावर भेटलेली मुलगी