मीटरची लुकलुक वाचायला शिकवल्याबद्दल तात्यांचे जाहीर आभार

तीर्थस्वरूप तात्या यांस,
सा. न. वि. वि.

आपल्या गल्लीत यंदा आणखी तीन गच्च्यांवर सोलरचे पॅनल चढले आणि त्या तिन्ही घरांतून, सोलर बसवूनही बिल वाढते ते कसे, अशी विचारणा माझ्याकडे झाली. मी त्यांना जे सांगितले ते सगळे तुमच्याकडून शिकलेले होते. तोंडावर आभार मानले की तुम्ही पावसापाण्याचा विषय काढता आणि चहापलीकडे काही घेत नाही, म्हणून हे पत्र चारचौघांनी वाचावे अशा रीतीने लिहीत आहे. त्यात माझी फजितीही आली आहे, तिला इलाज नाही.

आमच्या गच्चीवर जानेवारीच्या अखेरीस तीन किलोवॅटची यंत्रणा बसली. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० असे एकूण ७८,००० रुपयांचे अनुदान मिळते, हे हिशेब मी आधीच पाठ करून ठेवले होते. घरात येणारी आणि घरातून वीज कंपनीच्या तारांवर जाणारी वीज वेगवेगळी मोजणारे नेट मीटर मात्र अजून बसायचे होते. काम करणारा ठेकेदार म्हणाला, "सर, एवढं ऊन वाया कशाला घालवायचं?" आणि त्याने इन्व्हर्टर, म्हणजे पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणारे यंत्र, चालू करून दिला. मीही उतावीळपणाने मान डोलावली. पुढच्या महिन्यात बिल आले ते ३४० युनिटांचे. एरवी आमचा वापर २२० युनिटांच्या आसपास असतो. म्हणजे सूर्य घरी राबायला आला आणि आमचा वापर १२० युनिटांनी वाढला! त्यातच ३०० युनिटांची पायरी ओलांडल्यामुळे वरची चाळीस युनिटे आणखी चढ्या दराने लागली.

मीटर पळत आहे, अशी माझी खात्रीच झाली. दोन पानी तक्रार अर्ज लिहून मी कार्यालयाकडे निघालो होतो. तुम्ही ओट्यावर बसला होता. अर्ज पूर्ण वाचलात, घडी घालून माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, "सर, हा ठेवा खिशात. आधी मीटर बघू."

त्या दुपारी तुम्ही जे करून दाखवले ते मी विसरणार नाही. घरातले सगळे खटके बंद करवलेत, फ्रिजची पिनसुद्धा काढवलीत. घरात काडीचाही वापर नसताना जिन्याखालच्या मीटरवरचा तांबडा दिवा भराभर लुकलुकत होता. मग तुम्ही सोलरकडून येणाऱ्या वायरचा खटका खाली केलात आणि लुकलुक तत्काळ थांबली. खटका वर केला की सुरू, खाली केला की बंद. मीटरवर ३२०० हा आकडा छापलेला आहे, म्हणजे तितक्या वेळा दिवा लुकलुकला की एक युनिट होते, हे सांगून तुम्ही मला घड्याळ धरून मोजायला लावलेत. एका मिनिटात १२८ वेळा दिवा लागला. १२८ भागिले ३२०० म्हणजे मिनिटाला ०.०४ युनिट, तासाला २.४ युनिटे, आणि त्याच वेळी इन्व्हर्टरच्या पडद्यावर नेमके २.४ किलोवॅट दिसत होते. आमच्या गच्चीवरून बाहेर जाणारी वीज हे मीटर आमच्याच नावावर वापर म्हणून लिहीत होते.

असे का होते, याचे तुम्ही दिलेले कारण मला फार मार्मिक वाटले. पूर्वीच्या चकतीच्या मीटरला वायरी उलट्या जोडल्या की चकती मागे फिरायची आणि काही महाभाग त्याचा फायदा घेत असत. इलेक्ट्रॉनिक मीटर आल्यावर ही वाट बंद करण्यासाठी त्यांची रचनाच अशी झाली की वीज कोणत्याही दिशेने वाहिली तरी ती वापरात धरायची. चोरासाठी लावलेल्या कुलपात मी स्वतःचेच बोट अडकवून घेतले होते.

नंतर वहीत मांडले तेव्हा सारे जुळले. इन्व्हर्टर २४ दिवस चालला, रोजची सरासरी १३ युनिटे, म्हणजे ३१२ युनिटे तयार झाली. दिवसा घरात रोज चारेक, म्हणजे ९६ युनिटे लागली. उरलेली २१६ बाहेर गेली. एकूण २२० युनिटांच्या गरजेतून ही ९६ वजा केली की १२४ युनिटे बाहेरून घेतलेली. १२४ आणि २१६ मिळून ३४०. मीटरने एका युनिटाचीही चूक केली नव्हती. आयुष्यभर पोरांना गणित शिकवलेल्या माणसाला ही बेरीज एका निवृत्त वायरमनने घालून द्यावी लागली, याची आमच्या घरात अजून चेष्टा होते. बिल मी निमूटपणे भरले. मंजुरीआधी यंत्रणा चालू करणे हाच मुळात माझा प्रमाद होता. नेट मीटर बसेपर्यंत तो खटका वर करायचा नाही, हे तुमचे वाक्य आता मी प्रत्येक नव्या सोलरवाल्याला सर्वांत आधी सांगतो.

मार्चमध्ये नेट मीटर बसले आणि एप्रिलच्या अखेरीस मी पुन्हा तुमच्या ओट्यावर हजर झालो. या वेळी शंका उलटी होती. इन्व्हर्टर ३९० युनिटे तयार केल्याचे सांगत होता आणि मीटर मात्र २६२ युनिटेच बाहेर गेल्याचे दाखवत होते; मग १२८ युनिटे गेली कुठे? तुम्ही हसून विचारलेत, "दिवसभर कूलर कशावर चालला?" गच्चीवर तयार झालेली वीज आधी घरात जिरते आणि उरलेलीच मीटरपर्यंत पोहोचते, घरात जिरलेली वीज नेट मीटरला दिसतच नाही, ती फक्त इन्व्हर्टरला ठाऊक असते. आमच्या मीटरच्या फिरत्या पडद्यावर १.८.० या खुणेपुढे आत आलेली आणि २.८.० या खुणेपुढे बाहेर गेलेली युनिटे दिसतात. तुम्ही पुठ्ठ्याच्या तुकड्यावर "१.८.० आत, २.८.० बाहेर" असे लिहून तो मीटरच्या पेटीत चिकटवलात, तो अजून तिथेच आहे. एप्रिलमध्ये १५० युनिटे आत आली होती, म्हणजे ११२ युनिटे आमच्या खात्यावर पुढे ओढली गेली. बिलात स्थिर आकार तेवढा राहिला. तो चुकत नाही, हेही तुम्ही आधीच बजावले होते.

खात्यावर युनिटे साठताना पाहून मला हाव सुटली होती आणि आणखी दोन किलोवॅट वाढवावे असे मनात आले होते. तेव्हा तुम्ही ३१ मार्चची आठवण करून दिलीत. वर्षभर शिल्लक युनिटे पुढच्या महिन्यांच्या वापरात वळती होतात, पण आर्थिक वर्षाच्या शेवटी जी उरतात ती वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने विकत घेतली जातात आणि तो दर आपण वीज घेतो त्या दरापेक्षा बराच कमी असतो. ढगाळ जुलै-ऑगस्टमध्ये उन्हाळ्याची शिल्लक खर्ची पडली, हे मी पुढे स्वतः पाहिले. गरजेपुरतीच यंत्रणा बसवण्याचा तुमचा सल्ला ऐकल्यामुळे माझे किमान लाखभर रुपये वाचले असतील.

पॅनल धुण्याबाबत सांगितलेले तर लातूरकराच्या जिव्हाळ्याचे. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी प्यायलेल्या गावात गच्चीवर नळी सोडणे शोभत नाही. शिवाय आपल्या बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग काचेवर बसतात ते वेगळेच. भल्या पहाटे, काच थंड असताना, दोन बादल्या गोड्या पाण्यात मऊ फडके भिजवून धूळ पुसायची, इतके पुरते.

एक गोष्ट मात्र तेव्हा मला खटकली होती. बाहेरची लाइट गेली की भर उन्हात आमचे सोलरही बंद पडते, मग एवढा खर्च कशाला, असे मी चिडून म्हणालो होतो. तुम्ही लगेच उत्तर दिले नाही. थोड्या वेळाने म्हणालात, "डीपीचा फ्यूज काढून पोरगं पोलावर चढलेलं असतं, सर. तुमच्या गच्चीवरनं वायरीत करंट आला तर?" मग तुम्ही उजवा तळवा पुढे केलात. त्यावरचा जुना डाग मी इतकी वर्षे भाजल्याचा समजत होतो. आता लाइट गेली आणि इन्व्हर्टर गप्प झाला की मी चिडत नाही.

येत्या रविवारी समोरच्या घरी नेट मीटर बसणार आहे. त्यांनी तोवर खटका खालीच ठेवला आहे, मी रोज सकाळी जाऊन पाहतो. मीटर बसताना तुम्ही उभे असावे अशी त्यांची फार इच्छा आहे. पुठ्ठा आणि पेन मी घेऊन येतो, १.८.० आणि २.८.० तेवढे तुमच्या हातचे हवे.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा ही विनंती.

आपला कृतज्ञ शेजारी,
गणिताचा एक निवृत्त शिक्षक, लातूर